रिकामा शिंपला वाचायचा कसा

तिसऱ्या (बाजारात मिळणारे खायचे शिंपले) आणल्या की मांस खाऊन शिंपले सरळ कचऱ्यात जातात, पण त्यातले चार-पाच नीट धुवून बाजूला ठेवा, कारण शिंपल्याच्या आतल्या बाजूवर त्या जीवाचं शरीर कसं होतं ते जवळजवळ सगळं उमटलेलं असतं. बाहेरची नक्षी सगळेच बघतात, आत कोणी बघत नाही.

आधी दोन्ही शिंपा जोडलेल्या असलेला एक घ्या. बिजागरीजवळचा टोकदार उंचवटा हा सगळ्यात जुना भाग, पिल्लू असतानाचा, आणि काठ सगळ्यात नवा. मॅन्टल नावाचा पातळ पडदा काठाला नवीन थर चढवत जातो, त्याच्याच रेषा बाहेर दिसतात, वाढ मंदावली की रेष ठळक. बिजागरीला बाहेरून तपकिरी चिवट पट्टी असते ती शिंपला कायम उघडायला बघते आणि आतले दोन स्नायू ओढून तो मिटलेला ठेवतात, म्हणून तर तिसऱ्या शिजल्या की आपोआप उघडतात, स्नायूची पकड सुटते ना. कच्ची तिसरी उघडी आहे आणि टकटक केल्यावरही मिटत नाही तर ती मेलेली, टाकून द्या.

आता आतली बाजू उजेडात तिरकी धरा, घाई करू नका. दोन टोकांना दोन गुळगुळीत डाग दिसतील, ती स्नायू चिकटायची जागा. (कालवाच्या शिंपीत असा एकच डाग असतो, बघा कधी.) दोन डागांना जोडणारी काठाला समांतर पुसट रेष म्हणजे मॅन्टल जिथे चिकटलेलं होतं ती जागा. ही रेष एका बाजूला आत वळून खाच करते, तीच खरी गंमत. तिसरी वाळूत पुरलेली असते आणि सायफन नावाच्या दोन नळ्या वर काढून बसते, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर, मधे कल्ले त्या पाण्यातून श्वास पण घेतात आणि बारीक अन्न पण गाळतात. धोका वाटला की नळ्या आत ओढायच्या, त्या मावायला ही खाच. त्यामुळे खाच खोल असेल तर नळ्या लांब, म्हणजे प्राणी सहसा खोलवर राहणारा. किनाऱ्यावर पातळ चपट्या शिंपा मिळतात त्यांची खाच बघा केवढी खोल असते, आणि खडकाला धाग्यांनी चिकटून राहणाऱ्या शिणाण्यांना ती नसतेच, पुरून घ्यायचंच नाही तर नळी कशाला हवी!

खाच म्हणजे मागची बाजू. ती स्वतःकडे करा, बिजागरी वर, मग डाव्या हाताची शिंपी डावी आणि उजव्या हाताची उजवी.

किनाऱ्यावर गेलात तर भोकं पडलेले शिंपले नक्की उचला. उंचवट्याजवळ एकच गोल भोक, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, असं दिसलं तर ते बहुतेक मून स्नेलचं काम. ही गोगलगाय वाळूखालीच शिंपला धरते, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करते आणि दातेरी जिभेनं खरवडत राहते, यात तासन् तास जातात, मग सोंड आत घालून मांस खाते. कधी भोक अर्धवटच असतं, म्हणजे तो हल्ला फसला. खडकांवरच्या शिकारी गोगलगायींची भोकं साधारण सरळ कडांची असतात. आणि एकाच शिंपीला चाळणीसारखी बारीक भोकं असतील तर ती गोगलगाय नाही, कवच पोखरणारा स्पंज नावाचा समुद्री जीव, कालवांवर हे जास्त दिसतं.

अजून एक, आतल्या बाजूला बार्नेकल (खडकांना चिकटून बसणारे छोटे कवचवाले जीव) किंवा किड्यांच्या पांढऱ्या नळ्या चिकटलेल्या असतील तर तो शिंपला प्राणी मेल्यावरही पाण्यात बरेच दिवस उघडा पडलेला होता, कारण आत जीव असताना तिथे दुसरं कोणी बसूच शकत नाही.

शंख मात्र उचलायच्या आधी पालथा करून आत बघा, संन्यासी खेकडा असेल तर तिथेच ठेवा. घरी आणलेल्या शिंपांना साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे, आतल्या बाजूला पेन्सिलनं किनारा आणि तारीख लिहा, ब्लीचमध्ये टाकू नका.