नवीन राउटर घेतलाय? स्मार्ट बल्ब-प्लग एकेक करून जोडत बसू नका

राउटर बदलला की फोन आणि लॅपटॉपचं काम दोन मिनिटांत होतं. डोकेदुखी असते ती बल्ब, प्लग, कॅमेरे, स्पीकर, रोबोट व्हॅक्यूम यांची. त्यांना ना स्क्रीन, ना कीबोर्ड. मग एकेक वस्तू रीसेट करून ॲपमध्ये पुन्हा जोडण्याचा सपाटा सुरू होतो आणि सुट्टीचा दिवस त्यातच जातो.

बहुतेक वेळा याची गरजच नसते. राउटर कोणत्या कंपनीचा आहे, याच्याशी बल्बला काही देणंघेणं नसतं. त्याने लक्षात ठेवलेलं असतं ते नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार. तेवढं तसंच ठेवलं, तर नवीन राउटर त्याच्या लेखी जुनाच असतो. म्हणून वस्तू हलवण्याआधी नाव हलवता येतंय का ते बघा.

पायरी १: जुना राउटर काढण्याआधी यादी करा

जुना राउटर चालू असतानाच त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. पत्ता आणि लॉगिन सहसा राउटरखालच्या स्टिकरवर असतं. तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. त्यात ‘ईएसपी’ने सुरू होणारी अगम्य नावं दिसली तर घाबरू नका, कोणी शेजारी घुसलेला नाही. स्वस्त बल्ब-प्लगमध्ये ‘एस्प्रेसिफ’ कंपनीची चिप फार वापरली जाते, आणि बनवणाऱ्याने नाव दिलं नसेल तर चिपचंच नाव दिसतं. नक्की कोणती वस्तू ते कळत नसेल तर एक प्लग काढून बघा, यादीतून कोण गळतं ते दिसेल. या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

यादी करताना झिग्बी, झेड-वेव्ह किंवा थ्रेड या वायफायहून वेगळ्या बिनतारी पद्धतींवर चालणारी उपकरणं बाजूला काढा. ती वायफायवर नसतातच, आपापल्या हबशी, म्हणजे त्यांना राउटरशी जोडणाऱ्या डबीशी, बोलतात. हलवायचा असतो तो फक्त हब. फिलिप्स ह्यू दिव्यांचा हब, म्हणजे ‘ब्रिज’, केबलने जोडलेला असेल तर ती केबल नवीन राउटरला लावली की सगळे दिवे आपोआप आले. हब मात्र चुकूनही रीसेट करू नका, नाहीतर त्याच्यामागची सगळी उपकरणं पुन्हा जोडावी लागतील.

पायरी २: नवीन राउटरला जुनं नाव द्या

जुन्या नेटवर्कचं नाव, म्हणजे राउटरच्या पानावरचा एसएसआयडी, अक्षर न् अक्षर तसाच नव्यात टाका. कॅपिटल-स्मॉल अक्षरं, मधली रिकामी जागा, डॅश, सगळं जुळलं पाहिजे. पासवर्डचंही तेच. आठवत नसेल तर फोनमधल्या वायफाय सेटिंगमध्ये बघा. अँड्रॉइड १० पासून ‘शेअर’ केल्यावर क्यूआर कोड येतो आणि बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्डही दिसतो. आयफोनवर आयओएस १६ पासून साठवलेला पासवर्ड थेट बघता येतो.

लोक अडकतात ते सुरक्षेच्या प्रकारावर. नवीन राउटर कधी कधी फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर लावलेला येतो. जुन्या बल्ब-प्लगपैकी अनेकांना ते समजतच नाही, त्यामुळे नाव-पासवर्ड बरोबर असूनही ते जोडले जात नाहीत. सेटिंगमध्ये त्याआधीचा ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ निवडा. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र असा पर्यायही असतो, पण काही हट्टी वस्तू त्यावरही रुसतात.

दुसरं म्हणजे, राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वेगळ्या पट्ट्यांवर वायफाय देतो आणि बहुतेक स्मार्ट वस्तू फक्त २.४ वर चालतात. नवीन राउटरवर तो पट्टा चालू आहे ना, ते बघा. चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला कप्पा, आपोआप निवडू देण्याऐवजी १, ६ किंवा ११ पैकी एक ठरवून द्या. राउटर १२ किंवा १३ वर गेला तर काही उपकरणांना नेटवर्क दिसतच नाही.

पायरी ३: जुना बंद, मग नवा चालू

एकाच नावाचे दोन राउटर एकत्र चालू ठेवू नका. निम्म्या वस्तू इकडे, निम्म्या तिकडे जातात आणि काय बिघडलंय तेच कळत नाही. जुन्याची वायर काढा, नवा चालू करा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. त्यानंतरही जे ऑफलाइन दिसेल, ते वीज बंद करून पुन्हा चालू करा. स्क्रीनशॉटशी ताडून बघा.

एखादा कॅमेरा किंवा प्रिंटर तरीही गायब असेल तर त्याला कधीतरी ठरावीक आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, दिलेला असू शकतो. जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होता आणि नवा १९२.१६८.० चे वाटतोय, तर तो कॅमेरा जुन्याच पत्त्यावर अडून राहतो. नव्या राउटरचा पत्ता जुन्यासारखा केला की प्रश्न मिटतो.

जुना पासवर्ड वापरायचा नसेल तर?

तो अख्ख्या सोसायटीला माहीत झाला असेल तर बदलायलाच हवा. तसं नसेल, फक्त फोन-लॅपटॉपसाठी नवं नाव हवं असेल, तर माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग असा: मुख्य नेटवर्कला नवीन नाव-पासवर्ड द्या आणि राउटरच्या गेस्ट नेटवर्कला, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला, जुने द्या. काही राउटरवर यासाठी स्मार्ट वस्तूंचं वेगळं ‘आयओटी’ नेटवर्क असतं. बल्ब-प्लग तिकडे जातात, तुमचा लॅपटॉप इकडे, आणि सुरक्षेच्या दृष्टीनेही ते बरंच. अडचण एवढीच की गेस्टवरची उपकरणं मुख्य नेटवर्कवरच्या फोनला सहसा थेट दिसत नाहीत. इंटरनेटमार्गे चालणाऱ्या प्लगला फरक पडत नाही. टीव्हीवर व्हिडिओ पाठवणं, प्रिंटरला कागद पाठवणं मात्र अडतं. टीव्ही आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवरच ठेवा.

पायरी ४: नाव बदलायचंच असेल तर

आता वस्तू खरोखर हलवाव्या लागतील. अशा वेळी दोन्ही नेटवर्क एकत्र चालू ठेवा, यावेळी नावं वेगळी असल्याने गोंधळ होत नाही. वस्तू जुन्या नेटवर्कवर ऑनलाइन असतानाच ॲपमध्ये तिच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय बदलण्याचा पर्याय शोधा. ॲमेझॉनच्या इको स्पीकरसाठी तो अलेक्सा ॲपमध्ये उपकरणाच्या सेटिंगमध्ये असतो. गूगलच्या स्पीकरला गूगल होम ॲपमधून आधीचं नेटवर्क विसरायला लावून मग नवीन द्यावं लागतं. शेली कंपनीच्या किंवा टॅस्मोटा हे सॉफ्टवेअर टाकलेल्या वस्तूवाल्यांची चैन असते, तिथे दुसरं नेटवर्क आधीच भरून ठेवता येतं.

जुना राउटर बिघडला असेल तरी हे जमतं. एका फोनवर जुन्याच नाव-पासवर्डचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा. आयफोनवर त्यासाठी ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू करावं लागतं. वस्तू त्याला घर समजून जोडल्या जातात आणि दुसऱ्या फोनवरून त्यांचं वायफाय बदलता येतं. हॉटस्पॉटला एका वेळी मोजकीच उपकरणं चालतात, तेव्हा थोडी थोडी करून घ्या.

पायरी ५: रीसेट, पण ॲपमधून न काढता

पर्याय सापडला नाही तर रीसेट आलंच. ॲपमधून वस्तू आधी डिलीट करू नका. डिलीट केली की तिच्यावर बांधलेली वेळापत्रकं, ‘संध्याकाळी सात वाजता लाव’ वगैरे, सगळी जातात. बऱ्याच ॲपमध्ये त्याच खात्यातून वस्तू पुन्हा जोडली तर जुनं नाव आणि नियम परत येतात.

प्लगचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत, साधारण पाच सेकंद, दाबून धरा. बल्ब ठरावीक वेळा बंद-चालू करावा लागतो, बहुधा तीन किंवा पाच वेळा. घाई केली तर तो मोजत नाही, प्रत्येक वेळी सेकंदभर थांबा. रोबोट व्हॅक्यूमचं वायफाय रीसेट आणि फॅक्टरी रीसेट वेगळं असतं. दुसऱ्यात घराचा नकाशाही पुसला जाऊ शकतो.

जोडताना फोन २.४ वर हवा. दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असेल तर राउटरवर ५ गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करा. फोनवर व्हीपीएन बंद, लोकेशन आणि ब्लूटूथ चालू. वस्तू स्वतःचं छोटं नेटवर्क काढत असेल तर मोबाइल डेटाही बंद ठेवा, कारण त्यावर इंटरनेट नसल्याचं पाहून फोन गुपचूप तिथून निघून जातो. आयफोनवर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली आहे का, तेही बघा.

क्रम म्हणाल तर हब आणि स्पीकर आधी, मग कॅमेरे, बल्ब शेवटी. भिंतीवरचा स्विच आहे, तोवर दिव्यावाचून कोणी अडत नाही.

जुना राउटर आठवडाभर तरी जवळ ठेवा, कपाटातला एखादा सेन्सर तेव्हाच आठवतो. देऊन टाकताना मागचं छोटं रीसेटचं छिद्र टाचणीने दहा सेकंद दाबा, म्हणजे तुमचं नाव-पासवर्ड त्यात राहत नाही.