उसाचे दोन ट्रेलर घेऊन रेल्वे फाटक ओलांडताना

फाटक उघडं आहे म्हणून लगेच चाक घालू नका. ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर मिळून साधारण 15 मीटर होतात. फाटकापलीकडे तेवढी जागा मोकळी दिसेपर्यंत अलीकडेच थांबा. पुढचा टेम्पो अडला, तर तुमचा मागचा ट्रेलर रुळावरच राहतो.

हिशेब करा: गाडीची लांबी धरून फाटक पूर्ण ओलांडायला 30 मीटर धरले, तर ताशी 5 किमी वेगाने तेवढं जायला 21-22 सेकंद लागतात. तेवढ्यात 110 च्या वेगाची एक्स्प्रेस साडेसहाशे मीटर पुढे आलेली असते.

पहिला गिअर आधीच टाका, रुळावर बदलू नका. गिअर अडकतो, इंजिन बंद पडतं, बहुतेकदा घोळ इथेच होतो. ऊस उंची-मर्यादेच्या कमानीला (4.67 मीटर) टेकत असेल तर थर उतरवा. वर 25,000 व्होल्टची तार आहे, मोळीवर माणूस तर नकोच.

बंद पडलाच, तर सगळ्यांना उतरवा आणि आधी गेटमनला गाठा. लाल सिग्नल दाखवणं, स्टेशनला कळवणं त्याच्या हातात असतं. ट्रेलरची पिन काढत बसू नका, ओढ असली की ती निघत नाही. रेल्वे दिसली तर रुळांपासून दूर, पण ती येतेय त्या बाजूला तिरकं पळा. धडकेनंतर लोखंड पुढच्या दिशेला उडतं.