सुपरहिरोचा पुढचा भाग बघायचा की सोडायचा, मी असं ठरवतो

"पहिल्याची सर दुसऱ्याला येत नाही" हे वाक्य नवीन भाग आला की आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच आणि मग रात्री दोनपर्यंत वाद. मला हे वाक्य अजिबात पटत नाही, पण डोळे झाकून प्रत्येक भागाचं तिकीट काढा असंही मी म्हणणार नाही.

सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा, पहिल्या भागात हिरोने जे मिळवलं त्याची किंमत त्याला या भागात मोजावी लागतेय का? २००४ चा स्पायडरमॅन २ घ्या. पीटरकडे शक्ती आहे, लोकांना तो माहितीये, आणि तरी पिझ्झा वेळेवर पोचत नाही म्हणून नोकरी जाते, भाडं थकलंय, कॉलेजात मार्क घसरलेत, आणि ऐन वेळी हातातून जाळंच येईना. तो काकूला टेबलाशी बसून काकाच्या मृत्यूमागचं खरं सांगतो, आणि काकू हळूच हात काढून घेते, काही न बोलता वर निघून जाते. त्यात एक ठोसा नाही, एक स्फोट नाही, आणि माझ्या मते सगळ्या सुपरहिरो पिक्चरमधला तो सगळ्यात जड सीन आहे. मग ट्रेनचा सीन, जिथे बेशुद्ध पडलेल्या त्याला प्रवासी हातांवरून आत नेतात. गर्दीच्या लोकलने रोज जाणाऱ्या माणसाला तो सीन जरा जास्तच लागतो, निदान मला तरी लागतो. पहिल्या भागात हे सगळं शक्यच नव्हतं, कारण तिथे अर्धा वेळ शक्ती कशी मिळाली हे सांगण्यातच जातो.

मग व्हिलन मोजा, खरंच मोजा. २००८ च्या डार्क नाइटमध्ये जोकर बॅटमॅनला अशा जागी आणतो की काहीही निवडलं तरी कोणीतरी जाणार, म्हणून तो पिक्चर डोक्यातून जात नाही (हीथ लेजरला त्यासाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं). उलट २००७ चा स्पायडरमॅन ३ बघा, दिग्दर्शक सॅम रेमीच, हिरो टोबी मग्वायरच, पण सँडमॅन, व्हेनम आणि वर पीटरचा मित्र हॅरी असे तिघं एकाच पिक्चरमध्ये, कोणालाच पुरेसा वेळ नाही. सँडमॅन आजारी मुलीसाठी चोऱ्या करतो, त्याच्या एकट्यावर आख्खा पिक्चर झाला असता याची मला अजून हळहळ वाटते.

दिग्दर्शक कोण हे बघाच. थॉरचा २०१३ चा दुसरा भाग मी खुशाल सोडा म्हणेन, पण २०१७ ला तायका वायटिटीने तिसरा केला आणि तोच हिरो एकदम जिवंत झाला, त्यामुळे "तिसरा भाग म्हणजे ओढून ताणून" हेही कोणी म्हणालं तर ऐकू नका. आणि सुपरमॅन २ वर वाद घालायच्या आधी कुठला बघितलाय ते विचारा, कारण रिचर्ड डोनरने बराच शूट केल्यावर त्याला काढलं, रिचर्ड लेस्टरने पूर्ण करून १९८० ला आला, आणि डोनरचा कट २००६ ला वेगळा निघाला. दोघं वेगवेगळा पिक्चर बघून भांडत असतात कधीकधी!

आता गृहपाठ, म्हणजे आधीचं किती बघून जावं लागतं ते. ॲव्हेंजर्स एंडगेम (२०१९) हा मार्व्हलच्या मालिकेतला २२ वा पिक्चर, तीन तासांचा, आणि घरच्यांना थेट तिथे नेऊन बसवलं तर बिचारे इंटरव्हलला विचारणार हा कोण तो कोण. २०२२ चा डॉक्टर स्ट्रेंजसुद्धा तसाच, त्यातल्या व्हिलनची, म्हणजे वांडाची, आधीची सिरीज (वांडाव्हिजन) बघितली नसेल तर ती मुलांसाठी एवढी का तुटलीये हे पोचतच नाही. लोगन (२०१७) मात्र आधीचं फार काही माहीत नसलं तरी चालतो. आणि कोणी क्रिश २ शोधत असेल तर थांबा, तो नाहीचे, २००३ चा कोई मिल गया पहिला, २००६ चा क्रिश दुसरा, म्हणून २०१३ चा थेट क्रिश ३.

गोष्ट पूर्ण होते का हेही आधी विचारून घ्या. २०२३ चा ॲनिमेटेड स्पायडर-व्हर्स ऐन मोक्यावर थांबतो, ते माहीत असलं की राग येत नाही. तो मी तरीही बघाच म्हणतो, मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तमच, कारण त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिळून बनवलेलं मुंबॅटन आहे आणि तिथला पवित्र प्रभाकर "चाय टी" म्हणणाऱ्याला सुनावतो की चाय म्हणजेच टी.

यातलं काहीच बघितलं नसेल तर आज रात्री २००२ चा स्पायडरमॅन लावा, उद्या २००४ चा, आणि तिसरा लावायच्या आधी मध्ये एक दिवस जाऊ द्या.