स्त्रियांच्या कादंबऱ्यांतील मौन कसे वाचावे

एखाद्या लेखिकेची कादंबरी स्त्रीवादाच्या अंगाने वाचायची ठरली की बहुतेक विद्यार्थी आणि वाचनगट आधी स्त्रीवादाच्या व्याख्या गोळा करतात आणि मग त्यांत बसतील असे प्रसंग वेचून काढतात. या क्रमामुळे नायिकेने घर सोडले का आणि नवऱ्याला उलट उत्तर दिले का, एवढ्या दोनच प्रश्नांवर चर्चा संपते. मी वेगळा क्रम सुचवते. बाई कुठे गप्प राहते ते आधी शोधावे, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कोण लावते आहे ते नंतर पाहावे.

नमुना म्हणून शशी देशपांडे यांची ‘दॅट लाँग सायलेन्स’ घेऊ. ही इंग्रजी कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नोकरीतील गैरव्यवहाराची चौकशी मागे लागल्यामुळे मोहन आपली बायको जया हिला घेऊन दादरच्या जुन्या घरात येऊन राहतो, आणि रिकाम्या दिवसांत जया आपल्या सतरा-अठरा वर्षांच्या संसाराकडे वळून पाहू लागते. भाषा इंग्रजी असली तरी त्या घरातले बोलणे-चालणे मराठी वाचकाला परके वाटणार नाही.

पहिले वाचन पेन्सिल हातात न घेता, केवळ गोष्टीसाठी करावे. दुसऱ्या वाचनाला वही जवळ ठेवावी आणि पहिल्या पानावर नावांची नोंद सुरू करावी. ‘जया’ हे नाव वडिलांनी विजयाच्या अर्थाने ठेवलेले. लग्नात नवऱ्याने ते बदलून ‘सुहासिनी’ केले. आपल्याकडे तांदळात नवे नाव लिहिण्याचा विधी इतका कौतुकाने होतो की त्यात काही पुसले जाते आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. तिला कोण कोणत्या नावाने ओळखते, आणि ती स्वतःचा विचार करताना कोणते नाव वापरते, हे टिपत गेल्यास ‘अस्मिता’ हा जड शब्द न वापरताही त्याचा आशय हाती येतो. याच पानावर वंशावळीचाही प्रसंग नोंदवावा: जयाच्या काकांनी, रामूकाकांनी, कष्टाने तयार केलेल्या वंशावळीत जया नाही, कारण ती लग्न होऊन परघरी गेली, पण त्या घरात आयुष्य काढलेल्या आजी आणि काक्याही नाहीत.

यानंतरच्या प्रसंगापाशी मात्र घाई करू नये. मोहन आपल्या आईची आठवण सांगतो. वडील रात्री उशिरा जेवायला येत आणि त्यांना नुकताच शिजवलेला भात लागे. एका रात्री ताटात ताजी चटणी नव्हती, म्हणून त्यांनी ताट भिंतीवर भिरकावले आणि ते घराबाहेर पडले. आईने सांडलेले सारे पुसून काढले, पुन्हा भात टाकला, चटणी वाटली आणि चुलीपुढे त्यांची वाट पाहत बसली. मोहनला त्या बसण्यात आईचे बळ दिसते. जयाला हताशपणा दिसतो. वहीच्या पानाचे तीन भाग करून आईने काय केले, मुलाने त्यातून काय घेतले आणि सुनेने काय घेतले, ते वेगवेगळे लिहावे. आईच्या भागात फक्त कृती उरतात, तिचे एकही मत उरत नाही. मोहन आईची थोरवी मनापासूनच सांगतो, आणि माझ्या मते हीच या प्रसंगाची धार आहे, कारण ज्याला आपण आदर म्हणतो तो आदरच पुढच्या पिढीतील बाईकडून तसल्याच सोसण्याची अपेक्षा करू लागतो.

मग लहानपणी ऐकलेल्या गोष्टींकडे वळावे. मेणाच्या घरातली चिमणी ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ असे सांगत कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते, ही गोष्ट या कादंबरीतही येते. घरात राहावे, पिले सांभाळावी, दार लावून घ्यावे म्हणजे आपण सुरक्षित, हा तिचा बोध जयाला आता खटकतो. पुष्कळ लेखिकांच्या कादंबऱ्यांत अशी एखादी कहाणी, ओवी किंवा म्हण सापडते. ती मूळ रूपात आठवून पाहावी आणि लेखिकेने तिची कोणती बाजू उजेडात आणली ते लिहावे.

घरकाम करणाऱ्या जीजाची नोंद विसरू नये. मूल झाले नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली, यात जीजाला त्याचा दोष दिसत नाही. जयाचे मौन आणि जीजाचे मौन एकाच मापाने मोजता येत नाही, कारण जयाजवळ निदान लिहिण्याची सोय आहे.

लेखिकेच्या स्वतःच्या काळाची तपासणीही आवश्यक आहे. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध केला आणि त्यावर मोठे वादळ उठले. १९३४ सालची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरीही त्याच नावाने आली. तिच्यातील परित्यक्ता अचलेचे धाडस आजच्या मापाने जोखण्यापूर्वी लक्षात घ्यावे की घटस्फोटाची तरतूद असलेला हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे.

शेवट वाचताना नायिका घराबाहेर पडली की नाही, एवढ्यावरून निकाल देऊ नये. जया घर सोडत नाही. वडिलांच्या डायरीत तिला गीतेतील ‘यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे ‘तुझी इच्छा असेल तसे कर’, हे वचन सापडते. संस्कृत नाटकांत स्त्रिया प्राकृत बोलत हेही तिला आठवते, आणि यापुढे आपण बोलायचे, असे ती ठरवते.

ही वही तयार झाली की तीच घेऊन कविता महाजन यांची २००५ सालची ‘ब्र’ ही कादंबरी वाचावी. ‘ब्र न काढणे’ हा वाक्प्रचार आपण घरात वापरतो. इथे तो ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी स्त्रियांपर्यंत पोहोचतो. मात्र त्यांचे अनुभव आपल्यापर्यंत येतात ते स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या प्रफुल्लाच्या नजरेतून. म्हणून चटणीच्या प्रसंगासाठी आखलेले तीन भाग येथेही आखावे, आणि गप्प बाईच्या वतीने अर्थ कोण लावते आहे, हा आईबद्दल बोलणाऱ्या मोहनला लागू होणारा प्रश्न प्रफुल्लालाही विचारावा.