जीवाणूंच्या जीनोमवर संशोधन करायचे असेल तर : नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

१९९५ साली अमेरिकेतील मेरीलँड येथील ‘इन्स्टिट्यूट फॉर जिनोमिक रिसर्च’ या संस्थेने हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जीवाणूचा सुमारे १८.३ लाख अक्षरांचा जीनोम, म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला त्याचा संपूर्ण डीएनए, वाचून प्रसिद्ध केला. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा तो पहिलाच संपूर्ण जीनोम. १९९८ मध्ये क्षयाच्या जीवाणूचा ४४ लाख अक्षरांचा जीनोम आला. आज तेवढे काम खासगी प्रयोगशाळा पैसे घेऊन करून देते आणि ‘अमुक जीवाणूचा जीनोम वाचला’ एवढ्यावर फार तर दोन पानांची नोंद छापून येते. म्हणून या क्षेत्रात संशोधक व्हायचे असेल, तर सिक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनएची अक्षरे वाचण्याचे, यंत्र कोणाकडे आहे याची चौकशी नंतर करावी. आधी आपला प्रश्न कोणता, हे ठरवावे.

नाशिक जिल्ह्यात प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातील डाळिंब उत्पादकांचे तेल्या रोगाने किती नुकसान केले, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. हा रोग झॅन्थोमोनास या जीवाणूच्या ‘पुनिकी’ या प्रकारामुळे होतो आणि त्यावर वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांचे मिश्रण फवारले गेले आहे. ‘तेल्याच्या जीवाणूचा जीनोम वाचणे’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. एखाद्या बागेतला जीवाणू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नसेल, तर तो प्रतिकार त्याच्या स्वतःच्या आरपीएसएल या जनुकातील बदलामुळे आला, की बाहेरून मिळालेल्या एसटीआर-ए आणि एसटीआर-बी या जनुकांमुळे, हा मात्र प्रश्न आहे. पहिल्या प्रकारचा प्रतिकार बहुतांशी त्या जीवाणूच्या वंशातच राहतो; दुसरा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, बसून शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जीवाणूंपर्यंतही पोहोचू शकतो. असा प्रश्न हाताशी असला की कोणते नमुने घ्यायचे आणि कोणते यंत्र वापरायचे, हे ओघानेच ठरत जाते.

शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नाशिकमध्ये केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके महाविद्यालयातून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करता येते. एम.एस्सी.साठी आयआयटी-जॅम व गॅट-बी या, तर पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही मुख्य परीक्षा आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ च्या सुधारणेनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडे मिळते. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या वतीने दिली जाणारी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. तिच्यामुळे पदवीच्या काळातच दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करता येते, आणि पुढे मार्गदर्शक निवडताना त्या दोन महिन्यांचा उपयोग गुणपत्रिकेपेक्षा जास्त होतो.

संगणकाचे शिक्षण एम.एस्सी.पर्यंत लांबवू नये. लिनक्सची कमांड लाइन, पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा आणि बऱ्यापैकी संख्याशास्त्र एवढे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून शिकता येते, आणि त्यासाठी महागड्या क्लासची गरज नाही. जगभरातील प्रयोगशाळांनी वाचलेल्या जीवाणूंचा कच्चा डेटा ‘सिक्वेन्स रीड अर्काइव्ह’मधून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो, लॅपटॉप कमी पडला, तर तेच काम ‘गॅलक्सी’ या मोफत सर्व्हरवर होते. छापून आलेला एखादा शोधनिबंध घ्यावा, त्याचा डेटा उतरवावा आणि लेखकांना मिळालेली उत्तरे आपल्यालाही मिळतात का, हे पाहावे. नमुन्यांवर पैसे खर्च करण्याआधी ही तालीम झालेली असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष नमुन्याकडे. पानावरच्या तेलकट डागाच्या कडेचा छोटा तुकडा कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कडेतून जीवाणूंचा लोट उदबत्तीच्या धुरासारखा बाहेर पडताना दिसतो. तो दिसला नाही, तर डाग बुरशीचा असू शकतो आणि पुढची मेहनत वाया जाते. त्यानंतर पृष्ठभाग निर्जंतुक केलेला तुकडा कुस्करून न्यूट्रिएंट आगरच्या प्लेटवर रेघा ओढाव्यात. झॅन्थोमोनासच्या पिवळ्या, बुळबुळीत कॉलन्या ठळक व्हायला दोन ते तीन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी मोठ्या पिवळ्या कॉलन्या आल्या, तर हुरळून जाऊ नये. पानांवर सहज आढळणारा पँटोइआही पिवळाच असतो आणि तो अधिक वेगाने वाढतो. एकाच कॉलनीपासून पुन्हा पुन्हा रेघा ओढून शुद्ध केलेला जीवाणू निरोगी डाळिंबाच्या पानावर तोच डाग पाडतो का, हे तपासावे. मग तो ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंश सेल्सियसला साठवावा, आणि गाव, तारीख, वाण, बहार व फवारण्या यांची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. मृग बहारात पावसामुळे तेल्या जास्त पसरतो. बहाराची नोंद नसलेला नमुना पुढे तुलनेसाठी फारसा उपयोगी पडत नाही.

डीएनए काढताना हा जीवाणू आपला चिकटपणा दाखवतो. खाद्यपदार्थ दाट करण्यासाठी वापरला जाणारा झॅन्थन गम याच कुळातल्या जीवाणूपासून मिळतो. अल्कोहोल घातल्यावर नळीत पांढरा लगदा दिसला, की डीएनए भरपूर मिळाल्याचे वाटते. प्रत्यक्षात त्यात शर्करांचाच भरणा असू शकतो. म्हणून सीटॅब हे रसायन वापरून त्या शर्करा काढून टाकाव्यात. नॅनोड्रॉप या प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० (नॅनोमीटर) चे गुणोत्तर १.८ च्या आसपास आले, एवढ्यावर समाधान मानू नये. २६०/२३० चे गुणोत्तर दोनच्या बरेच खाली असेल, तर अशुद्धी शिल्लक आहे. डीएनएचे प्रमाण मात्र क्यूबिट या यंत्रावर मोजावे, कारण नॅनोड्रॉप आरएनएलाही त्यात धरतो.

किती वाचायचे याचा हिशेब सोपा आहे. जीनोम सुमारे ५० लाख अक्षरांचा. प्रत्येक जागा सरासरी १०० वेळा वाचायची तर ५० कोटी अक्षरे हवीत, आणि इल्युमिना यंत्रावर दोन्ही टोकांकडून दीडशे अक्षरे वाचायची तर त्यासाठी सुमारे १७ लाख जोड्या लागतात. मात्र वर मांडलेल्या प्रश्नाला एवढे पुरत नाही. प्रतिकाराची जनुके पुष्कळदा अशा तुकड्यांच्या शेजारी बसलेली असतात, ज्यांच्या प्रती जीनोममध्ये अनेक ठिकाणी आढळतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी लहान तुकड्यांची जुळणी तुटते. जनुक सापडते, पण ते गुणसूत्रावर आहे की प्लाझ्मिडवर, हे कळत नाही. त्यासाठी हजारो अक्षरे सलग वाचणारे नॅनोपोर तंत्र जोडीला घ्यावे. ते घेणार असाल, तर डीएनए जोरजोराने हलवू नये, नाहीतर त्याचे लांब धागे तुटतात.

डेटा हाती आल्यावर फास्टक्यूसीने गुणवत्ता, युनिसायक्लरने जुळणी, चेकएमने शुद्धता आणि बाक्टाने जनुकांची नोंद, असा या सॉफ्टवेअरचा क्रम ठेवता येतो. जुळणीची एकूण लांबी ५० लाखांऐवजी ९०-९५ लाख भरली, तर नवा शोध लागला असे समजू नये. जी व सी या अक्षरांचे प्रमाण झॅन्थोमोनासमध्ये ६४-६५ टक्के, तर पँटोइआत ५५ टक्क्यांच्या आसपास असते; आलेखात दोन शिखरे दिसली, तर नमुन्यात दोन जीवाणू मिसळले आहेत असे समजून प्लेटवर परत जावे. जात ठरवताना केवळ जीवाणू ओळखण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या १६-एस या एका जनुकावर विसंबू नये. संपूर्ण जीनोमची सरासरी समानता सुमारे ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर जात एकच मानतात.

निबंध पाठवण्यापूर्वी जीवाणू पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करावा आणि कच्चा डेटा सार्वजनिक करावा. जिवंत जीवाणू परदेशी पाठवायचा असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यातील तरतुदी आधी पाहाव्यात. पीएच.डी.साठी मार्गदर्शकांना ईमेल लिहिताना ‘मला जीनोमिक्समध्ये रस आहे’ या वाक्याने सुरुवात करू नये. त्यांच्याच एखाद्या निबंधाचा डेटा स्वतः जुळवून पाहिला असेल तर त्यातून काय निघाले, कुठे फरक आला आणि त्यावरून कोणता प्रश्न सुचला, हे दहा ओळींत लिहावे आणि सोबत आपली आज्ञावली (कोड) जोडावी.