स्विच फ्यूज युनिट, फ्यूज आणि फीडर केबल: साइज ठरवताना या चुका टाळा

मशीनच्या नेमप्लेटवर 43 अँपिअर दिसले की 63 चे स्विच फ्यूज युनिट (स्विच आणि फ्यूज एकत्र असलेले), 63 च्या लिंक (त्यात बसणारे फ्यूज) आणि ‘63 ला चालेल’ अशी केबल, असा एकच आकडा सगळीकडे लावला जातो. घोळ इथेच होतो. फ्यूजने शॉर्ट सर्किट तोडायचे आणि केबल वाचवायची, स्विचने जाम झालेल्या मोटरचा करंटही तोडायचा, तर केबलने दिवसभर मर्यादेबाहेर न तापता लोड घ्यायचा. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

उदाहरणादाखल 415 व्होल्टचे एक हायड्रॉलिक मशीन घेऊ. मुख्य पंप 15 किलोवॉट, डीओएल स्टार्टर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा), 28 अँपिअर. दुसरा पंप 5.5 किलोवॉट, 11 अँपिअर. कूलंट पंप 0.75 किलोवॉट, 1.8 अँपिअर. दोन फेजवर जोडलेला 1 केव्हीएचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, 2.4 अँपिअर.

लोडची बेरीज

फीडरसाठी, म्हणजे मशीनला सप्लाय देणाऱ्या मुख्य केबलसाठी, सर्वांत मोठ्या मोटरचे 125 टक्के आणि बाकी सगळ्यांचे पूर्ण करंट धरायचे: 35 + 11 + 1.8 + 2.4, म्हणजे 50.2 अँपिअर. 25 टक्के सगळ्यांवर चढवले की केबल उगाच जाड होते. स्टँडबाय पंप मुख्य पंपाबरोबर कधीच चालत नसेल, तर तो बेरजेत घेऊ नका. मोटर व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर मोटरचा नव्हे, ड्राइव्हच्या मॅन्युअलमधला इनपुट करंट घ्या. चोक (करंट गुळगुळीत करणारी कॉइल) नसलेल्या ड्राइव्हचा इनपुट करंट हार्मोनिक्समुळे (करंटच्या विकृत लहरींमुळे) अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघतो. ड्राइव्हसाठी मॅन्युअलमध्ये जो फ्यूज दिला असेल तोच वापरा. ड्राइव्हची शॉर्ट सर्किट रेटिंग त्याच फ्यूजसोबत लागू असते.

फ्यूज

43 अँपिअरला 50 ची लिंक पुरेशी वाटते. पण 15 किलोवॉटची मोटर डीओएलवर सुरू होताना सहापट, म्हणजे 168 अँपिअरच्या आसपास घेते. बाकीचा लोड चालू असेल तर 183. आयईसी 60269 या फ्यूजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 50 च्या जीजी (ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट दोन्हींसाठीच्या) लिंकने 10 सेकंद टिकण्याची हमी 125 अँपिअरपर्यंतच आहे, 63 च्या लिंकची 160 पर्यंत. पंप अनलोड सुरू होऊन दोन सेकंदांत वेग घेत असेल तर 63 चालते. जड फ्लायव्हील असेल तर उत्पादकाचा टाइम-करंट कर्व्ह (किती करंटला लिंक किती वेळात उडते त्याचा आलेख) पाहिल्याशिवाय ठरवू नका. 50 ची लिंक लगेच उडेलच असे नाही. प्रत्येक स्टार्टला तिचा एलिमेंट थोडा थोडा थकतो आणि काही महिन्यांनी ‘काही कारण नसताना’ फ्यूज जातो.

एएम लिंक (मोटरसाठीची, फक्त शॉर्ट सर्किट तोडणारी) स्टार्टिंग सहज सोसते, पण ओव्हरलोडपासून संरक्षण देत नाही. ती मोटरच्या शाखेत, ओव्हरलोड रिलेसोबतच लावावी. फीडरला जीजीच हवी.

वरच्या पॅनेलमध्येही 63 चाच फ्यूज असेल तर मशीनमधल्या शॉर्टला नेमका कोणता उडेल सांगता येत नाही. जीजी-जीजीमध्ये 1.6 पटीचे अंतर ठेवा: खाली 63, वर 100.

केबल

इथे सर्वांत जास्त चुका होतात. जीजी लिंक 63 ला उडत नाही. ठरलेल्या वेळेत नक्की उडण्याचा तिचा करंट 1.6 पट आहे. केबलला मात्र जास्तीत जास्त 1.45 पट सोसायचा असतो. म्हणून 63 च्या लिंकमागे केबलची क्षमता 63 × 1.6 ÷ 1.45, म्हणजे सुमारे 70 अँपिअर हवी, तीही डीरेटिंगनंतर (तापमान आणि शेजारच्या केबलमुळे घटणारी क्षमता वजा करून).

भिंतीवर लावलेली 16 चौरस मिमीची तांब्याची पीव्हीसी केबल तक्त्यात 76 अँपिअर दाखवते, आणि तिथेच निवड थांबते. तो आकडा 30 अंशांचा आहे. 40 अंशांना 0.87 ने गुणले की 66 उरतात, म्हणून 25 चौरस मिमी (96 × 0.87 = 83). तिच्यासोबत दुसरी लोडेड केबल बांधली तर आणखी 0.8 ने गुणायचे. 67 उरतात आणि 25 सुद्धा कमी पडते. मग 35 घ्या किंवा केबल वेगळ्या न्या. लांबी जास्त असेल तर व्होल्टेज ड्रॉपही मोजा.

स्विच

आयईसी 60204-1 या मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या मानकानुसार मेन स्विचला सर्वांत मोठ्या मोटरचा जाम झालेला करंट अधिक बाकीचा लोड तोडता आला पाहिजे: इथे 183 अँपिअर. एसी-22 (मिश्र लोडसाठीचा वर्ग) चा 63 अँपिअर स्विच तिप्पट, म्हणजे 189 तोडतो, अगदी काठावर. एसी-23 (मोटर लोडसाठीचा वर्ग) आठपट तोडतो. मोटर असलेल्या मशीनला एसी-23च घ्या. बंद पॅनेलमधली रेटिंग उघड्यावरच्या रेटिंगपेक्षा कमी असू शकते. कॅटलॉगमधला तो रकाना वाचा. हँडल ऑफमध्ये लॉक होणारे असावे.

फ्यूज उडत असेल तर

पुढचा मोठा फ्यूज टाकू नका. मग केबल जपणारे काही उरत नाही. स्विच ऑफ केल्यावरही इनकमिंग टर्मिनल जिवंत असतात हे लक्षात ठेवून आधी वरून सप्लाय बंद करा, टेस्टरने खात्री करा.

एकच फेज वारंवार जात असेल तर लिंकच्या पाती आणि बेसच्या क्लिप पाहा. रंग बदललेली पाती म्हणजे ढिला संपर्क. नवी लिंकही तिथे तापून लवकर जाणार, बेस बदला. लोडवर तिन्ही पोलवरचा मिलिव्होल्ट ड्रॉप मोजून तुलना केली तर ढिला लग (केबलच्या टोकाचा जोड) लगेच सापडतो. फेज-टू-फेज व्होल्टेज पाहून लिंक ठीक ठरवू नका, कारण चालू मोटर गेलेल्या फेजवर उलटे व्होल्टेज देते. लिंक काढून कंटिन्युइटी पाहा. शॉर्टमुळे एक उडाली असेल तर तिन्ही बदला.