हापूसच्या मोहोराची वही कशी ठेवावी

आमची ऐंशी कलमं देवगडच्या कातळावर आहेत. माझे सासरे ती सणांवर चालवायचे: दसऱ्याला पाऊस गेला, दिवाळीत गारवा आला, नाताळपर्यंत मोहोर. 2019 साली बाग माझ्याकडे आली आणि त्याच वर्षी हा हिशेब मोडला. ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार वादळ आलं, नोव्हेंबरातही सरी पडत राहिल्या आणि मोहोराच्या जागी कलमं तांबूस पालवीने भरली. तेव्हापासून मी वही ठेवते. लागतं काय? एक शंभर पानी वही आणि एक कमाल-किमान तापमापक.

तापमापक बागेतच, सावलीत, छातीएवढ्या उंचीवर टांगा. पहिल्या वर्षी मी तो खळ्यातल्या पत्र्याखाली लावला होता. बागेचं सोडून पत्र्याचं तापमान लिहीत बसले!

सगळी कलमं टिपायला जाऊ नका, पाच पुरेत. एक समुद्राकडचं, एक माथ्यावरचं, एक वहाळाकाठचं, उरलेली दोन तुमच्या मनाने. खोडाला रंगाचा पट्टा ओढा. प्रत्येकाच्या पानावर शेवटचा पाऊस, पालवी कधी फुटली, कधी जून झाली, बोंगे (मोहोराचे फुगलेले डोळे) कधी दिसले, मोहोर पूर्ण कधी फुलला, कणी (मोहोरातलं बारीक फळ) कधी धरली, एवढंच लिहा. रात्रीचा पारा मात्र रोज.

पालवीची नोंद सर्वांत कामाची. हापूस जून काडीवर मोहरतो. पाऊस लांबून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी आली, तर पुढे थंडी पडली तरी ती काडी तयार नसते. अशा वर्षी मोहोराच्या फवारण्या तारखेवरून सुरू करू नका. आधी पालवी तुडतुड्यांपासून जपा. काडी जून, माती सुकलेली आणि रात्रीचा पारा सलग 20 अंशांखाली, असं जुळलं की बोंग्यांवर नजर ठेवा.

एकदा नोव्हेंबरातला उकाडा बघून मला कीव आली आणि मी कलमांना पाणी दिलं. सगळी पालवीवर गेली. शेजारचे काका म्हणाले, "अगो, तान लागांदे तेंका!" (तहान लागू दे त्यांना) कणी धरेपर्यंत पाणी नाही, हे मी तेव्हापासून वहीच्या पहिल्याच पानावर लिहिते.

थंडी उशिरा येऊन लांबली की वेगळं दुखणं. कणी वाटाण्याएवढी असताना त्याच काडीवर पुन्हा मोहोर येतो आणि पहिली कणी गळते. यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस जिबरेलिक आम्लाची आहे: 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर, दुसरी कणी वाटाण्याएवढी झाल्यावर. भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, थेट पाण्यात टाकू नका.

मग ऊन. 2023 चा फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी तापमानात देशभरात 1901 पासूनचा तोवरचा सर्वांत तापलेला ठरला. आमच्याकडे फळं सुपारीएवढी असतानाच गळू लागली. आता कणी वाटाण्याएवढी झाली की मोठ्या कलमाला 150 ते 200 लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतराने, आणि आळ्यात पेंढा. पेंढ्याचा कंटाळा करू नका. तापलेल्या कातळाची झळ खालून फळाला लागते आणि साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) वाढतो. फळं अंड्याएवढी झाली की कागदी पिशव्या.

तोडणीही कलमागणिक. माझ्या वहीत समुद्राकडचं आणि माथ्यावरचं कलम यांत एका वर्षी बारा दिवसांचं अंतर आहे, म्हणून "अमुक तारखेला पहिली पेटी" असं मी गिऱ्हाइकांना सांगायचं सोडलं. देठाजवळ खांदे भरले की घळाने (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने) दोन फळं उतरवते आणि पाण्याच्या बादलीत सोडते. बुडाली तर चौदा आणे तयार, म्हणजे तोडणीजोगी. तरंगली तर त्या कलमाच्या पानावर लिहिते, "चार दिवसांनी बघणे."